नाईटवाल्याला थांबव

रविवारी सकाळी साडेसातला शेठचा फोन वाजला आणि तिथून वादाला तोंड फुटलं.

निगडीच्या भेळ चौकातून थोडं आत गेलं की आमचा कट्टा. शाळेपासूनचे आम्ही चौघं आणि अण्णा. अण्णा एका मोठ्या कारखान्यात फोरमन होते, आता निवृत्त आहेत. शेठचं भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे, म्हणजे मशीनच्या दाबाने पत्र्याचे भाग काढायचा कारखाना, अठरा माणसं. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी तो कट्ट्यावर असला तरी त्याचा कान शॉपकडे असतो. फोन सुपरवायझरचा होता. फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर आलाच नव्हता आणि दुपारी दोनला माल घ्यायला गाडी येणार होती.

"नाईटवाल्याला थांबव," शेठ म्हणाला. "डबल शिफ्ट लाव त्याची. आणि ऐक, त्याच्या पोराला ताप होता ना? कसं आहे विचार. नाश्ता चांगला मागव त्याला."

त्याच्या आवाजातली काळजी खरी होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून शेठबद्दल कोणाचं मत वाईट व्हायला नको. अठराही जणांची गावं त्याला पाठ आहेत. जूनमध्ये शाळेच्या फीसाठी उचल द्यायला त्याने कधी कां-कूं केलेलं मी पाहिलं नाही.

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "पोराची चौकशी केलीस, बरं केलंस. पण बापाला घरी नाही जाऊ दिलंस."

शेठ गप्प झाला. त्याची बाजू घेतली ती बंड्याने. बंड्या हिंजवडीला टीम लीड आहे, अकरा जणांची टीम. नुकतंच त्याच्या कंपनीत इमोशनल इंटेलिजन्सचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. "अण्णा, शेठने जे केलं तेच आम्हाला शिकवलं. समोरच्याच्या घरी काय चाललंय ते माहीत असावं, विचारावं. किती मालक एवढं तरी विचारतात?"

"विचारल्याने त्याची झोप भरून निघते का?" सिस्टर म्हणाली.

सिस्टर एका मोठ्या हॉस्पिटलात इन्चार्ज आहे. ड्युटी लिस्ट तीच लावते. "डबल केलेली मुलगी मला वॉर्डच्या दारातून कळते. बोलते नीट, चालते नीट, पण सांगितलेलं पुन्हा विचारते. तिला मी त्या दिवशी इंजेक्शनच्या ट्रेला हात लावू देत नाही. फाइली लिहायला बसवते. तिची विचारपूस मी नंतर करते, आधी ट्रे काढून घेते."

"तुझ्याकडे दुसरी मुलगी असते गं!" आता शेठ चिडला. "मी रिलीव्हर कुठून आणू? माल दोनला गेला नाही तर समोरच्याची लाईन थांबते, आणि त्या नुकसानीची डेबिट नोट माझ्या नावावर फाटते, पैसे माझ्या बिलातून कापतात. कायद्यात लिहिलंय, छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे. माझ्या हातात पडतात नव्वद दिवसांनी. माझ्यावर माणुसकी कोण दाखवतंय ते सांगा आधी."

हे खरंच होतं. वरच्याने खालच्याला दाबायचं, त्याने त्याच्या खालच्याला, आणि शेवटी ते सगळं वजन रात्रभर प्रेसवर उभ्या असलेल्या एका माणसावर. शेठला दोष देऊन मोकळं होणं मला तेव्हाही जमलं नाही, आजही जमत नाही.

मग अण्णांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या शॉपमध्ये एक पॉवर प्रेस होता. हात आत जाऊ नये म्हणून त्याला पुढून गार्ड. गार्ड लावून काम केलं की नग कमी निघतात, म्हणून एका महिनाअखेरीला ऑपरेटरने तो गार्ड तारेने वर बांधून टाकला. "बांधताना मी पाहिलं होतं," अण्णा म्हणाले. "मी काही बोललो नाही. टार्गेट माझंही होतं ना. तेरावा-चौदावा तास चालू होता त्याचा. त्या वेळी हात मशीनच्या तालावर जात राहतो, नजर मागे पडते. दोन बोटं गेली."

कोणी काही बोललं नाही. अण्णा स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होते.

"रोज संध्याकाळी हॉस्पिटलात जायचो. फळं न्यायचो, त्याच्या आईपाशी बसायचो. सगळे म्हणायचे, फोरमन असावा तर असा, देवमाणूस. मला ते कानाला सोसायचं नाही रे. एक तार सोडायची होती मला. ती सोडली असती तर फळं न्यायची वेळच आली नसती."

शेठ उठला. पँट झटकली, गाडीची किल्ली काढली. "प्रेस मला येतो," एवढंच म्हणाला. "दोनपर्यंत मीच बसतो." आणि गेला. धंद्यात पडण्याआधी तो स्वतः सहा वर्षं ऑपरेटर होता.

मला वाटलं विषय तिथेच संपला. पण सिस्टरने अण्णांना विचारलं, "गार्ड बांधलाय हे तुम्ही पाहिलं नसतं, तर कोणी येऊन सांगितलं असतं का?"

"छे. मी ओरडणारा फोरमन होतो."

तेव्हा तिने तिच्या वॉर्डातली गोष्ट सांगितली. एक नवीन मुलगी रात्री अडीचला तिच्याकडे आली. एका बेडचं अँटिबायोटिक शेजारच्या बेडला गेलं होतं. हातात रिकामी व्हायल, ओठ थरथरत होते. सिस्टरने आधी डॉक्टरांना बोलावलं, पेशंटची ॲलर्जीची नोंद तपासली, पेशंट व्यवस्थित होता. मग त्या मुलीशेजारी बसून इन्सिडेंट रिपोर्ट लिहून घेतला. त्यात दिसलं की दोन्ही पेशंटचं आडनाव एक, आणि बेडही लागून. दुसऱ्या दिवसापासून एका आडनावाचे दोन पेशंट शेजारी ठेवायचे नाहीत असं ठरलं. "मी तिच्यावर तेव्हा खेकसले असते तर पुढच्या वेळी व्हायल कचऱ्यात गेली असती आणि मला कधीच कळलं नसतं."

याला आधार आहे, आणि तो सिस्टरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवला गेला होता. अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात दोन हॉस्पिटलांतल्या आठ विभागांत औषधांच्या चुका मोजल्या. ज्यांचं आपसांत चांगलं जमतं तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे निघाले उलटे, चांगल्या विभागांत चुका जास्त! खोलात गेल्यावर कळलं की त्या विभागांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. जिथे इन्चार्जची दहशत, तिथे कागदावर सगळं स्वच्छ. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या ऑफिसात कधीच काही चुकत नाही असं साहेब अभिमानाने सांगतात, त्या ऑफिसाची मला आता काळजी वाटते. मी सहकारी बँकेत शाखा सांभाळतो, त्यामुळे हे वाक्य मी स्वतःलाही उद्देशून लिहितोय.

बंड्या बराच वेळ मोबाइल उलटा-सुलटा करत होता. शेवटी बोलला. त्याला मंगळवारपर्यंत एक फॉर्म भरायचा होता. ॲप्रेझलचा बेल कर्व्ह. अकरा जणांपैकी एकाला सगळ्यात खालच्या गटात टाकणं सक्तीचं. त्याच्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून आली होती, वर्षातलं अर्धंच काम तिच्या नावावर होतं. एचआरने सुचवलं होतं की आकड्यांत तीच बसते.

"मी ठरवलं होतं, तिला वन-ऑन-वनमध्ये नीट समजावून सांगेन. कसं बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. आधी तिचं ऐकायचं, मग..."

"कायद्याने २०१७ पासून सव्वीस आठवडे रजा आहे," सिस्टरचा आवाज चढला. "ती घेतली म्हणून तू तिचे मार्क कापणार, आणि वर गोड बोलून तिलाच ते पटवणार? बंड्या, तू वाईट वागला असतास तर ती भांडली तरी असती. तू चांगला वागशील, ती रडून तुलाच थँक्यू म्हणून जाईल."

माझ्या मते त्या सकाळचं सगळ्यात कडक वाक्य हेच. दोन दिवसांचं ट्रेनिंग, समजून घेण्याची भाषा, आवाजातला ओलावा, हे सगळं त्या फॉर्मवरचा अन्याय सोसण्याजोगा करण्यासाठी वापरलं जाणार होतं. आणि बंड्या मनाने चांगला आहे म्हणूनच ते त्याच्याकडून नीट पार पडलं असतं.

"माझ्या हातात आहे काय?" बंड्याचे डोळे भरले होते. "नाही भरला फॉर्म तर माझंच नाव खाली जाईल."

"ट्रेनिंगमध्ये धवनांची गोष्ट सांगितली असेल ना तुम्हाला?" अण्णांनी विचारलं.

सांगितली होती. ती आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ हे रॉकेट सुटलं आणि थोड्याच मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० ला यान यशस्वी झालं, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केलं.

"पत्रकार परिषदेचं सगळे सांगतात," अण्णा म्हणाले. "मधल्या अकरा महिन्यांचं कोणी बोलत नाही. कलामांना काढलं नाही रे त्यांनी. बिघाड शोधला आणि तोच माणूस, तीच टीम पुन्हा कामाला लावली. माणसाला जवळ घेणं म्हणतात ते हे."

"ते अध्यक्ष होते अण्णा. मी टीम लीड आहे."

हा मुद्दा बिनतोड होता. अण्णा थोडे थांबले, मग त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं की आज तुमच्यापैकी ज्यांना सुट्टी आहे, त्यांना ती कोणामुळे मिळाली माहीत आहे का. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईतल्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी १८८४ मध्ये मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्य मावळला की काम बंद, पगार वेळेवर. सहा वर्षं लावून धरलं, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

"आणि लोखंडे कोण होते? गिरणीत स्टोअरकीपर होते ते. ना मालक, ना साच्यावरचा कामगार. तुझ्यासारखे, मधले."

मधल्या माणसाला दोन्हीकडचं दिसतं. वरून आलेला आकडा त्याच्या टेबलावर येतो आणि तो आकडा ज्याच्यावर पडणार त्याचा चेहराही रोज समोर असतो. म्हणून मला वाटतं, माणूस जपायची खरी जागा तीच आहे, आणि तिथे बसलेल्यांना सगळ्यात कमी अधिकार दिलेले असतात. पुण्यातच २०२४ मध्ये एक तरुण चार्टर्ड अकाउंटंट मुलगी गेली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, त्यात होतं की अंत्यविधीला ऑफिसातून कोणीही आलं नाही. त्या ऑफिसात मधल्या जागांवर किती जण असतील. त्यातल्या एकानेही त्या आधी कधीतरी वर एक ओळ लिहिली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

सिस्टरने बंड्याच्या हातातला मोबाइल सरळ केला. "लिही. आत्ता."

अर्धा तास लागला. पहिल्या मसुद्यात "आदरपूर्वक विनंती" तीनदा होती, अण्णांनी दोन काढायला लावल्या. मी बँकेच्या पत्रांच्या सवयीने मुद्दे लावून दिले. शेवटी उरलं ते असं. माझ्या टीमच्या अकराही जणांनी ठरलेलं काम पूर्ण केलं आहे, कोणी काय केलं ते सोबत जोडलं आहे. एक जण सहा महिने कायदेशीर रजेवर होती, तिचं मूल्यमापन ती हजर असलेल्या महिन्यांवरच व्हावं. खालच्या गटात टाकण्यासारखं माझ्या टीममध्ये कोणी नाही. तरीही एक नाव हवंच असेल तर कामाची वाटणी मी केली होती, त्यामुळे ते नाव माझं धरावं.

हे शेवटचं वाक्य बंड्याने स्वतः घातलं. सिस्टरने त्याला दोनदा विचारलं, नक्की ना? त्याच्या घराचा हप्ता आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याने मेल पाठवून दिला नाही, ड्राफ्टमध्ये ठेवला. आज रात्री बायकोला दाखवतो म्हणाला, आणि ते मला योग्यच वाटलं.

साडेनऊच्या सुमारास ग्रुपवर शेठचा मेसेज आला. "नाईटवाला घरी गेला. पोराचा ताप उतरलाय. मी प्रेसवर आहे, हात चालतोय अजून. कोणी डबा आणेल का?"

अण्णांनी लगेच खाली लिहिलं, "गार्ड लावलाय का?"

उत्तराऐवजी फोटो आला. प्रेस, पुढे पिवळा गार्ड खाली ओढलेला. अण्णांनी तो मोठा करून कडेकडेने पाहिला, तार कुठे दिसते का ते.

मी घरी जाऊन पोळी-भाजी बांधून घेतली आणि भोसरीला निघालो.