गंगेची भिंत आणि काठावरची माणसं

पूर ओसरला, चिखल वाळला की नांदेडात एक मागणी हमखास निघते: गंगेला संरक्षक भिंत बांधा. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरगावच्या मंडळींनी गोंधळून जाऊ नये.) निवेदनं जातात, फोटो निघतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विषय थंड. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी "भिंत नको" एवढंच लिहिलं, तर एकाने लगेच टोला हाणला, "ताई, तुमचं घर उंचावर आहे, तुम्हाला काय जातंय बोलायला!" घर उंचावर आहे हे खरंच. पण पुरात खालच्या गल्ल्यांतली माणसं ज्या शाळेत आणून ठेवतात, तिथं मी कामाला असते. त्यामुळे बोलायचा थोडाफार हक्क मलाही आहे.

शहरातले नाले शेवटी नदीतच जातात. गंगा चढली की नाल्याचं तोंड बुजतं आणि पाणी उलटं गल्लीत शिरतं. खालच्या वस्त्यांतल्या कुणालाही विचारा, पाणी पुष्कळदा समोरून येतच नाही, मागून गटारातून येतं. भिंत बांधली तर या नाल्यांना झडपा बसवाव्या लागणार. झडपा लावल्या की आतलं पावसाचं पाणी आतच साचणार. मग ते उपसायला पंप, पंपाला वीज, आणि पुराच्या रात्री वीज कुठं असते हे आपण सगळे जाणतो. शिवाय एका काठाला अडवलेलं पाणी दुसऱ्या काठावर चढतं. पलीकडे कौठा आहे, वसरणी आहे. तिथली माणसं काय परक्या गावची आहेत?

हा अनुभव कोकणाने आपल्या आधी घेतलाय. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर, पंधरामाडच्या बाजूला, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर वर्षानुवर्षं दगड ओतलेत. पावसाळ्यात उधाण आलं की बंधाऱ्याला भगदाड, मग पुन्हा दगड. लाट भिंतीवर आपटून परत फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि भिंत जिथं संपते तिथून पुढच्या वाडीची धूप सुरू होते. भिंत कुठंच नको असं माझं म्हणणं नाही. घाट, पुलाचा पाया, पाणीपुरवठ्याची विहीर यांच्यापुरती बांधावीच लागेल. पण अख्ख्या काठाला भिंत घालून शहर सुटलं, असं कुणी सांगत असेल तर त्याला आधी नाल्यांचं काय करणार ते विचारा.

आता काठ ढासळण्याचं बघू, कारण शहरात याच्यावर कुणी बोलत नाही. मुदखेडकडच्या एका शेतकरी काकांच्या केळीच्या बागेत मी गेले होते. पूर उतरून गेलेला. काठापासून दोन-तीन हात आत, काठाला समांतर अशी एक भेग पडली होती, त्यात माझा हात मनगटापर्यंत गेला. काका म्हणाले, "पूर होता तवा काय झालं नाही बघा. पाणी उतरलं अन् मग पडायलंय." भेगेच्या अलीकडे केळीची एक ओळ उभी होती, पलीकडची ओळ मोटारीच्या पाइपासकट खाली गेलेली. काकांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. काळी माती पुरात पाणी पिऊन जड होते. नदी भरलेली असते तोवर बाहेरचं पाणीच काठाला टेकू देतं. नदी झपाट्याने उतरली की तो टेकू जातो, मातीतलं पाणी मात्र आतच असतं, आणि ओझ्यासकट सगळा कडा खाली बसतो. त्यात पायथ्याची वाळू आधीच काढून नेलेली असेल तर मग विचारायलाच नको. वाळू उपसणारे तराफे, इंजिनं, रात्रीचे हायवा ट्रक, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. महसूलवाले येतात, तराफे जाळतात, पेपरात फोटो येतो. तराफा बांधायला किती वेळ लागतो?

वाळूचं प्रकरण इथं संपत नाही. आपलीच गंगा पुढं आंध्रात समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी जी जमीन आहे ती नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाची. आता तो गाळ वाटेतल्या धरणांत अडतो: जायकवाडीत अडतो, विष्णुपुरीत अडतो, पोचमपाडला अडतो, उरलेला धवळेश्वरमला. तिकडे पोचणारा गाळ कितीतरी कमी झालाय आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा जागोजागी समुद्र खातोय. तिथून जवळच, काकिनाड्याच्या बाजूला उप्पाडा म्हणून गाव आहे, जरीच्या साड्यांसाठी प्रसिद्ध. तिथं घरं, देवळं, रस्ता, सगळं हळूहळू समुद्रात गेलं. जिओट्यूबचा, म्हणजे वाळू भरलेल्या मोठ्या कापडी नळ्यांचा, बांध घालून बघितला, लाटांनी त्याचीही वाट लावली. उप्पाड्याला इतरही कारणं आहेत, सगळा दोष नदीवर टाकता येणार नाही. पण मराठवाड्याला समुद्र नाही म्हणून किनाऱ्याशी आपला संबंध नाही, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं सरळ आहे. भिंतीचा पैसा भिंतीत न घालता सगळ्यात खालची घरं वर हलवण्यात घाला, आणि ती काठापासून पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर हलवा. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि सरकारी योजनेत नेमका तोच गळतो. खालच्या गल्लीतली बाई पहाटे भाजी मार्केटला जाते, तिचा नवरा हमाली करतो किंवा ऑटो चालवतो, पोरगी जवळच्या शाळेत. त्यांना शहराबाहेर माळावर फ्लॅट दिला तर दोन महिन्यांत तो भाड्याने जातो आणि माणसं परत काठावर येतात. मग आपण म्हणतो, "या लोकांना कितीही द्या, सुधारायचे नाहीत."

ओडिशातल्या सातभायाची गोष्ट बघा. केंद्रपाडा जिल्ह्यातली ही गावं समुद्राने गिळली. सरकारने 571 कुटुंबांना बागपटिया इथं जमीन देऊन वसवलं. देशात समुद्रामुळे विस्थापित झालेल्यांचं असं ठरवून केलेलं पुनर्वसन फार थोड्या ठिकाणी झालंय, त्याबद्दल ओडिशाला मानलंच पाहिजे. पण शेती गेली, मासेमारी लांब राहिली, आणि घरटी माणसं कामासाठी केरळात जायला लागली. घर मिळालं, पोटाचं साधन गेलं. आणि उशीर झाला तर काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यात ऑगस्ट 2025 मध्ये दिसलं. मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, लेंडी प्रकल्पाच्या बुडितातल्या हसनाळमध्ये रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली, लष्कर बोलवावं लागलं. पुनर्वसन पुरं होण्याआधीच पाणी आलं. त्याच्यावर आणखी काय लिहू?

पैसा नाही हे कारण मला पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी धूप रोखायला 1,500 कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी वेगळे ठेवले होते, किनारा आणि नदीकाठ दोन्हींसाठी. देशाच्या मानाने रक्कम लहान आहे, पण काठ खचून घर जाणं ही आपत्ती आहे हे तरी त्यात मान्य झालं. आपल्या राज्याने सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. चांगलं केलं. पण खरडलेल्या शेतात माती आणून टाकता येते. काकांच्या केळीची ओळ जिथं होती तिथं आता नदी आहे. सातबारा त्यांच्या नावावर आणि खाली पाणी! अशा जमिनीचा पंचनामा कोणत्या रकान्यात बसतो ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. काठच्या पट्ट्यात बांबू, करंज, वाळा लावायला रोजगार हमी वापरता येईल, पण ज्याची ओळ गेली त्याला तो पट्टा मोकळा सोडण्याचा मोबदला द्यायला हवा. फुकट कोण सोडेल?

पूररेषा हा दुखरा विषय, थोडक्यात उरकते. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, हा नियम जुना आहे. तो गरिबाच्या पत्र्याला लागतो आणि मंगल कार्यालयाला लागत नाही. एवढं बस.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात तातडीची गोष्ट. पूर येतो तेव्हा आपल्याला काय कळतं? "विष्णुपुरीचे इतके दरवाजे उघडले, इतका लाख क्युसेक विसर्ग, जुन्या पुलावर धोक्याची पातळी 354 मीटर." एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लाख लिटर पाणी. हे कळून खालच्या गल्लीतल्या मावशीने करायचं काय? आणि ते 354 मीटर मोजलेत कुठून, तर समुद्रसपाटीपासून. समुद्र कधी न पाहिलेल्या बाईला आपण समुद्रापासूनची उंची सांगतो आणि वर म्हणतो, इशारा दिला होता. तिला कळायला हवं ते एवढंच: आज रात्री पाणी नगिना घाटाच्या कितव्या पायरीवर येणार, आणि माझ्या गल्लीत मारुतीच्या पारापर्यंत येणार की पिठाच्या गिरणीपर्यंत.

हे सांगणं अवघड नाही. पैठणहून सुटलेलं पाणी त्याच संध्याकाळी नांदेडला पोचत नाही. येलदरी-सिद्धेश्वर धरणांतून पूर्णा नदीत किती सोडलं तेही कळतं. अमुक पातळीला कोणती गल्ली बुडते हे आधीच्या पुरांवरून माहीत आहे, लोकांच्या भिंतींवर ओल उमटलेली आहे. ते आकडे आणि त्या गल्ल्या एकदा जुळवून ठेवायच्या आणि खांबांवर रंगाने पट्टे मारायचे: पुलाचा आकडा इथं गेला की पिवळा पट्टा, म्हणजे पेटी, कागदपत्रं, गॅसची टाकी वर चढवा. लाल पट्टा म्हणजे निघा. भोंग्यावरून क्युसेक सांगू नका, पट्टा सांगा.

शाळेतल्या मुक्कामाबद्दल पण एक बोलायचंय, नाहीतर तिथं मुक्कामाला येणाऱ्या बायका मला सोडणार नाहीत. लोक घर सोडत नाहीत म्हणून आपण वैतागतो. दोन संडास आणि दोनशे माणसं अशा ठिकाणी वयात आलेली पोरगी घेऊन कोण येईल? एक मावशी पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलली नव्हती. का, तर शेळ्या कुठं बांधायच्या हे कुणी सांगेना. शेळ्यांना मैदानाच्या कोपऱ्यात जागा दिली, तशी अर्ध्या तासात शेजारची दोन घरंही निघाली. खिचडीच्या पातेल्याआधी दाराला कडी असलेले संडास आणि जनावरांची जागा बघा, माणसं आपोआप वेळेवर येतील.

तर मागणी अशी. भिंतीचं निवेदन द्यायला जाणारच असाल तर त्याच कागदावर आणखी तीन ओळी घाला: काठापासून चालत जाता येईल अशा सरकारी जागांची यादी जाहीर करा, काठ खचलेल्या जमिनीला पंचनाम्यात वेगळा रकाना द्या, आणि गल्लीनिहाय पाणीपातळीचा तक्ता मे महिन्याच्या आत द्या. रंग आणि ब्रश आम्ही आणतो, पट्टे मारायला आमच्या शाळेची माजी पोरं तयार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी खाली आपली गल्ली लिहा, आणि तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं तेही लिहा. फोटो असेल तर तारखेसकट टाका, तक्ता करायला तोच कामाला येईल.