घटस्फोट झाला की अर्धं घर बायकोचं? तसं नाही

"नवा कायदा आला, घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी मालमत्ता बायकोला" असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. महाराष्ट्रात असा कायदा नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये निम्म्या वाटणीची तरतूदच नाही. कलम २५ खाली कोर्ट पोटगी ठरवतं, तीही दोघांचं उत्पन्न, मिळकत आणि वागणूक पाहून. (ती नवऱ्यालाही मागता येते, हे मेसेज लिहिणारा सोयीस्कर विसरला.) स्त्रीधन मात्र बायकोचंच.

अफवेचं मूळ बहुधा २०१० च्या विधेयकात असावं. पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारं ते विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पुढे लोकसभेत बारगळलं.

गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरतात आणि निम्मी-निम्मी वाटतात.

"पाच वर्षांनंतर मूल बापाकडे" हेही अर्धवट. १९५६ चा पालकत्व कायदा म्हणतो, पाच वर्षांखालचं मूल 'सर्वसाधारणपणे' आईकडे. पुढे ते आपोआप कुणाकडे जात नाही. कोर्ट मुलाचं हित बघतं.