नकाशात धाप लागत नाही

रोडबाइक, म्हणजे बारीक टायरची सायकल, चालवणाऱ्याला नकाशाकडून फार काही नको असतं. डांबर आहे का आणि चढ किती, एवढंच. पण या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं एकाच जागी देणारा नकाशा मला अजून भेटायचाय.

मोबाइलमधला नकाशा पडला मोटारवाल्यांच्या पंगतीतला. पुण्याहून लोणावळा म्हटलं की तो खुशाल एक्सप्रेसवे दाखवतो. तिथे सायकल सोडाच, मोटरसायकललाही बंदी! सासवडला जायचं तर दिवे घाट काय नि बोपदेव घाट काय, त्याला दोन्ही सारख्याच वाकड्या रेघा. दिवे घाटातून माउलींची पालखी वर चढते. बोपदेवात मला शेजारून चालणारे आजोबा गाठतात, ‘सावकाश या’ म्हणतात आणि पुढे निघून जातात.

खास सायकलवाल्यांची ॲप्स चढाचा आलेख काढून देतात. त्यातले उंचीचे आकडे बऱ्याचदा फेब्रुवारी २०००मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार-मोजणीचे. त्या रडारला डोंगर दिसला, पोटातला बोगदा कसा दिसणार? त्यामुळे साताऱ्याहून परतताना मी खंबाटकीच्या बोगद्यातून निवांत येणार असतो आणि आलेखात त्या जागी सुळका उभा असतो. घरी मी तोच आलेख दाखवतो.

सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा सरकारी कागदी नकाशा, मात्र खानदानी. संस्था १७६७ची, नकाशा १:५०,०००चा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला. आता १९ मीटरचा चढ दोन रेषांच्या मधे बिनबोभाट मावतो. तोच २०० मीटरांत आला, तर कागदावर जेमतेम चार मिलिमीटर. मला मात्र त्या चार मिलिमीटरांत कुलदैवत आठवतं. शिवाय कागदावरच्या रस्त्यांचं वय विचारायचं नसतं.

उपग्रहाचं चित्र पाहावं, तर काळी पट्टी डांबराची की ओल्या खडीची, हे २८ मिलिमीटरच्या टायरलाच कळतं.

म्हणून मी हल्ली एसटीवर विसंबतो. जिथे एसटी जाते तिथे रस्ता आहे, हा माझा सिद्धांत. परवा भोर स्टँडच्या चौकशी खिडकीत विचारलं, “मांढरदेवीवरून वाईला रस्ता कसाय?”

“चांगलाय की. गाडी कुठली?”

“सायकल.”

साहेबांनी जाळीतून आधी सायकल पाहिली, मग माझं पोट.

“वाईची गाडी लागतीये आत्ता,” ते म्हणाले, “कंडक्टरला सांगतो, टपावर चढवा.”