पोस्टरवर नाव नसलेला मुलगा

"यात माझ्या पोराचं नाव कुठंय?" मावशींनी विचारलं.

आमच्या पोस्टरवर तुरुंगातल्या आठ जणांची नावं होती. सगळी शिकलेली, लेख लिहिणारी, भाषणं ठोकणारी माणसं. 'सुटका करा'मधला 'रा' कागदात मावेना, म्हणून मी तो कडेला चेपून बसवला होता आणि तेव्हा मला तेवढीच काळजी होती. मावशींचा मुलगा चोरीच्या आरोपात आत. जामीन मंजूर झालाय, जामीनदार मिळत नाही.

पोस्टरची ताकद मी नाकारत नाही. आणीबाणीत बेडी घातलेला हात उंचावलेले जॉर्ज फर्नांडिस आठवा. १९७७ला स्वतः तुरुंगात, मुझफ्फरपूरला प्रचारात फिरला तो फोटो, आणि गडी तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आला! मंडेलांचा फोटो छापायला तर त्यांच्या देशात बंदीच होती. त्यामुळे जगभरच्या पोस्टरांवर साठच्या दशकातला तोच भरल्या गालांचा चेहरा. ११ फेब्रुवारी १९९०ला बाहेर आले ते पिकल्या केसांचे, ७१ वर्षांचे गृहस्थ.

पण ही पोस्टरं न बोलता आणखी एक सांगतात: 'हा माणूस आत असायला नको होता.' मग बाकीचे असायला हवेत?

१९७१ला न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात कैद्यांनी बंड केलं. खुनाची शिक्षा भोगणारेही त्यात होते. औषधोपचार द्या, माणसासारखं वागवा, असं म्हणत होते. तुरुंग परत ताब्यात घेताना झालेल्या सरकारी गोळीबारात ३९ जण मेले, त्यातले १० कैद्यांनी ओलीस धरलेले तुरुंग कर्मचारी. ओलिसांचे गळे कैद्यांनी चिरले, असं आधी सांगितलं गेलं. शवविच्छेदनात निघाल्या गोळ्या. अशांसाठी पोस्टर रंगवायला हात जड होतो, माझाही. आणि नेमकं तिथंच ते रंगवायला हवं, असं मला वाटतं.

आपल्याकडे तर तुरुंगातल्या चौघांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी. गुन्हा सिद्धच झालेला नाही. त्यांचा चेहरा कोण छापतंय?

मित्र म्हणतात, चोराचं नाव पोस्टरवर घातलंस तर लोक आपल्यापासून तुटतील. तुटतील, खरंय. तरी मी हट्टाने मावशींना विचारलं, पुढच्या पोस्टरवर घालू का त्याचं नाव?

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या, "त्याच्या बहिणीचं लग्न व्हायचंय अजून. तू जामीनदार मिळतो का बघ."