अंगठा नाकारणारा लॅपटॉप

नेटला जोडून घ्या, म्हणजे नेटचा ड्रायव्हर (वाय-फायची चिप चालवणारा प्रोग्रॅम) उतरवता येईल, असा सल्ला मला मिळाला. लॅपटॉप कोराकरकरीत, त्यावर नव्यानं टाकलेलं लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम), आणि वाय-फायच्या यादीत शेजाऱ्यांचंसुद्धा नेटवर्क नाही. लॅनची केबल लावायला जागा नाही, कारण लॅपटॉप 'स्लिम' आहे. शेवटी मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग केलं आणि अडलेलं काम भागवलं. तेवढ्यात मेहुणा आला.

मेहुणा आर्च ही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक तयार संच, वापरतो. हे मला त्याला विचारावं लागलं नव्हतं.

"दाजी, डिस्ट्रो निवडायच्या आधी एक सांगा, तुम्हाला कॉम्प्युटरकडून काय हवंय?"

"वाय-फाय."

"तसं नाही हो. व्यापक अर्थानं."

"व्यापक अर्थानंही वाय-फायच."

"बरं, सिस्टमडीबद्दल तुमची भूमिका काय?"

सिस्टमडी म्हणजे लिनक्स सुरू करून बाकीच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम; त्याबद्दल माझी भूमिका नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. मग खिडक्या फरशीसारख्या शेजारी-शेजारी मांडणारे टायलिंग विंडो मॅनेजर झाले, सतत अपडेट होत राहणारे रोलिंग रिलीज झाले, माउस वापरणं हे कसं दुबळ्या मनाचं लक्षण आहे तेही झालं. चहा संपला तरी वाय-फायचा विषय निघेना. शेवटी मीच लॅपटॉप पुढे सरकवला. त्यानं आतले भाग दाखवणारी एलएसपीसीआय ही आज्ञा चालवली आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा डोळे मिटून गप्प बसला.

"चिप नवी आहे," तो म्हणाला.

"लॅपटॉपच नवा आहे."

"तिथंच घोळ झाला. दोन वर्षं थांबून घ्यायचा होता."

त्याचा स्वतःचा लॅपटॉप सेकंडहँड आहे, विटेएवढा जाड, आणि त्यावर सगळं चालतं. का नाही चालणार? त्यातल्या प्रत्येक सुट्या भागाचा ड्रायव्हर लिहून, दुरुस्त करून, घासूनपुसून लोकांना वर्षं झाली. नवी वस्तू घेणाऱ्याच्या नशिबी मात्र उपदेश.

आणि मुद्दा खरं तर इतका साधा आहे की चिडायला होतं. डिस्ट्रोची चर्चा निघाली की सगळे सिनॅमन, केडीई आणि ग्नोम या डेस्कटॉपच्या रूपांवर भांडतात, वॉलपेपरचे फोटो दाखवतात. चिपला वॉलपेपर दिसत नाही. तिला हवं असतं नवं कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच येतात), सोबत चिपच्या आत चालणाऱ्या फर्मवेअरची फाइल, आणि ग्राफिक्ससाठी मेसा नावाचं ताजं सॉफ्टवेअर. आता मीडियाटेकची एमटी७९२५ ही वाय-फाय चिप घ्या. तिचा ड्रायव्हर कर्नल ६.७ मध्ये आला, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये. डेबियन १२ ही डिस्ट्रो आली जून २०२३ मध्ये, कर्नल ६.१ घेऊन. त्या कर्नलला ही चिप ओळखता येणार कशी? डेबियनचा यात काही दोष नाही. जुनं, पारखलेलं तेच देणं हा त्यांचा बाणा आहे, आणि बॅकपोर्ट्स या नव्या सॉफ्टवेअरच्या वेगळ्या साठ्यातून नवं कर्नल घेता येतं. उबुंटू या डिस्ट्रोच्या एलटीएसलाही, म्हणजे दीर्घकाळ पाठबळ मिळणाऱ्या आवृत्तीलाही, एचडब्ल्यूई नावाची नव्या कर्नलची पुरवणी मिळते: २४.०४ निघालं ६.८ वर, फेब्रुवारी २०२५ च्या २४.०४.२ मध्ये ६.११ आलं. फेडोरा ही डिस्ट्रो तर चालू आवृत्तीतच कर्नल पुढे नेत राहतं. म्हणजे मशीन बाजारात कधी आलं आणि कर्नल कधीचं, या दोन तारखा ताडून पाहिल्या की निम्मं काम झालं. हे मला मेहुण्यानं सांगितलं नाही. तो भूमिका विचारत होता.

मला खरा राग आहे तो खोक्यावर. त्यावर पाच-सहा चकचकीत स्टिकर असतात. 'कर्नल अमुकच्या पुढचं लागेल' एवढी एक ओळ छापायला किती शाई लागते? विंडोजचा ड्रायव्हर पहिल्या दिवशी तयार असतो. लिनक्सवाल्यानं मात्र आधी पैसे मोजायचे, मग आत कोणती चिप निघते ते बघायचं. त्याच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डं निघतात, तेव्हा तर दुसऱ्या कुणाचा अनुभवही कामाला येत नाही.

मी फेडोरा टाकलं. वाय-फाय लागलं, आवाज आला, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागंही झालं.

"फेडोरा?" मेहुणा म्हणाला. "म्हणजे वर्षभरात अपग्रेड आलंच."

"करीन."

त्यानं स्क्रीनची उजेडपट्टी वर-खाली करून पाहिली, कॅमेरा उघडला, ब्लूटूथ जोडलं. सगळं चालत होतं आणि तो कोमेजत चालला होता. मग त्यानं फिंगरप्रिंटची सेटिंग उघडून माझा अंगठा धरला आणि सेन्सरवर टेकवला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. काही नाही. त्याचा चेहरा असा उजळला की मी आमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्याच क्षणी बदलायचा ठरवला.