जेवत नाही म्हणून डॉक्टरांची भीती घालू नका

आजी-आजोबांना, आईबाबांना आणि मुलं सांभाळणाऱ्या मावश्यांना एक कळकळीची विनंती आहे. मूल जेवत नाही, झोपत नाही, मोबाइल सोडत नाही, म्हणून त्याला "थांब, डॉक्टरांकडे नेते, मोठ्ठी सुई द्यायला लावते" असं म्हणू नका. मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. हे वाक्य मी रोज ऐकते. माझ्यासमोर, माझ्याकडे बोट दाखवून म्हटलेलं ऐकते. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हेही मला ठाऊक आहे. पण त्या वाक्याने मुलाच्या मनात काय रुजतं आणि ते किती काळ टिकतं, यावर जगात शंभर वर्षं अभ्यास झालाय. तो जरा निवांतपणे सांगावा म्हणून आज लिहायला बसले.

आधी माझी अडचण सांगते. खोकला आणि तापाने बेजार झालेलं मूल आलं की आम्ही त्याचे श्वास मोजतो. घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. साधी, बिनखर्चाची तपासणी आहे. पण मूल शांत असेल तरच तिला अर्थ. रडणाऱ्या मुलाचे श्वास वाढलेलेच असतात, छातीतला आवाज रडण्यात बुडून जातो, आणि पोट तर ते असं आवळून धरतं की हाताला काही लागत नाही. दारातून आत येतानाच "सुई नको, सुई नको" म्हणत आईच्या गळ्याला मिठी मारणाऱ्या मुलाला मी काय तपासणार? त्या दिवशी त्याला सुई द्यायचीही नसते. नुसतं वजन करायचं असतं.

ही भीती येते कुठून? स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये भीती शिकण्याच्या तीन वाटा मांडल्या. स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना बघणं आणि कुणीतरी सांगितलेलं ऐकणं. आपल्या घरांत या तिन्ही वाटा एकदमच उघड्या असतात.

पहिली वाट आमच्याच दवाखान्यातून जाते, हे मान्य करायला हवं. जन्मल्यावर बीसीजीची (क्षयरोगाची) लस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या आसपास बूस्टर, पाच वर्षांनंतर पुन्हा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस). दर वेळी तीच खोली, तोच स्पिरिटचा वास, तोच पांढरा कोट आणि मग कळ. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना, खाण्याआधी दर वेळी वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या (लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) नुसत्या ठोक्यावर लाळ सुटायची, हे डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाने 'अभिजात अभिसंधान' या धड्यात वाचलंय. स्पिरिटच्या वासावर ओठ काढणारं दीड वर्षाचं बाळ म्हणजे तोच धडा. "तान्ह्याला काय कळतंय" हेही खरं नाही. कॅनडात ॲना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की जन्मल्यावर वेदनाशामक न देता सुंता केलेली बाळं चार-सहा महिन्यांच्या लसीच्या वेळी इतरांपेक्षा जास्त कळवळतात. आठवण सांगता येत नसली तरी शरीराने ती धरून ठेवलेली असते.

भीती किती पटकन जडते, हे बघायचं तर १९२० चा वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे. मला तो वाचताना आजही चीड येते. अल्बर्ट नावाने ओळखलं जाणारं ते बाळ अकरा महिन्यांचं होतं. पांढऱ्या उंदराला ते मजेत हात लावायचं. मग उंदीर दिसला की बाळाच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा, असं केलं गेलं. एका आठवड्याच्या अंतराने दोन बैठका, मिळून सात वेळा. तेवढ्यावर ते बाळ नुसता उंदीर बघून रडत दूर सरकायला लागलं. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही दचकायला लागलं. ती भीती काढून न टाकताच त्याला दवाखान्यातून जाऊ दिलं गेलं. आज कुठल्याही नीतिसमितीने असा प्रयोग दारातसुद्धा उभा केला नसता. पण त्यातून कळलेली गोष्ट खरी आहे: भीती जिथे जडते तिथेच राहत नाही, आजूबाजूला पसरते. सुईची भीती पांढऱ्या कोटाला लागते, कोटाची स्टेथोस्कोपला, आणि मग केस कापणाऱ्याने अंगावर पांढरा कपडा टाकला तरी मूल घर डोक्यावर घेतं.

दुसरी वाट बघण्याची. मांडीवरचं मूल सुईकडे फारसं बघत नाही. ते आईच्या तोंडाकडे बघतं. आईने डोळे गच्च मिटले, ओठ चावला, मान फिरवली, की त्याला हवी ती माहिती मिळाली. सिडनीत गेरुल आणि रेपी यांनी २००२ मध्ये दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना रबरी साप आणि कोळी दाखवले. आईने कधी हसरा चेहरा करायचा, कधी घाबरलेला. काही मिनिटांनी आई अगदी निर्विकार बसलेली असतानाही, तिचा घाबरलेला चेहरा पाहिलेली मुलं त्या खेळण्यापासून लांब राहिली. सुझन मिनेका यांनी माकडांवर केलेलं काम तर फारच बोलकं आहे. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. जंगलात वाढलेल्या माकडांना साप बघून घाबरताना या माकडांनी पाहिलं आणि थोड्याच वेळात तीही घाबरायला लागली, सापाने काही केलेलं नसताना. मात्र ज्या माकडांनी आधी सापाजवळ निर्धास्त वावरणारी माकडं पाहिली होती, त्यांना नंतर ही लागण फारशी झाली नाही. मला यात सगळ्यात मोठा दिलासा वाटतो. धीर आधी दाखवला, तर तो पुढे ढालीसारखा कामाला येतो.

तिसरी वाट ऐकण्याची, आणि तिच्यात आपल्याकडची माणसं तरबेज आहेत. बागुलबुवा, पोतंवाला बाबा, पोलीसमामा, डॉक्टर. यातलं एकही मुलाने पाहिलेलं नसलं तरी चालतं. इंग्लंडमध्ये अँडी फील्ड यांनी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना ऑस्ट्रेलियातल्या अशा प्राण्यांबद्दल गोष्टी सांगितल्या, ज्यांची नावंही त्यांनी ऐकली नव्हती: क्वोल, कस्कस, क्वोका. एकाबद्दल चांगलं सांगितलं, एकाबद्दल भीतिदायक. मग त्या प्राण्यांच्या नावाच्या खोक्यांत हात घालायला सांगितलं. ज्याच्याबद्दल वाईट ऐकलं होतं, त्या खोक्याजवळ मुलांचे हात घुटमळले. खोक्यात खरा प्राणी नव्हताच. नुसत्या ऐकण्याचा एवढा परिणाम होत असेल, तर ज्या मुलाला सुई खरोखर टोचलेली आहे त्याला पुन्हा पुन्हा "सुई देतील" सांगण्याचा किती होत असेल?

आता जेवणाकडे येते, कारण ही धमकी सगळ्यात जास्त तिथेच दिली जाते.

मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव अल्बर्टच्या प्रयोगाइतकं कुणाला माहीत नसतं. माझ्या मते ते जास्त माहीत असायला हवं. अल्बर्टच्या मनात भीती घातली गेली, आणि जोन्स यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला एका मुलाच्या मनातली भीती काढून दाखवली. पीटर त्याचं नाव. जेमतेम तीन वर्षांचा. ससा, पांढरा उंदीर, केसाळ कोट, पिसं, कापूस, सगळ्यांना घाबरायचा. आधी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळायला बसवलं, तेव्हा बरीच सुधारणा झाली. मध्येच त्याला स्कार्लेट फीव्हर (अंगावर लाल पुरळ आणणारा ताप) झाला आणि पुष्कळ दिवस तो दवाखान्यात पडून होता. घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळं मुसळ केरात गेलं. भीती होती तिथे परत आली. मग जोन्स यांनी नवी पद्धत घेतली. पीटरला उंच खुर्चीत बसवायचं, आवडीचा खाऊ द्यायचा आणि खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या लांब पिंजऱ्यातला ससा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी किंचित जवळ. त्याला नको झालं की पुन्हा मागे. घाई नाही. शेवटी तो सशाला आपली बोटं चाटू-कुरतडू द्यायला लागला.

त्या काळात जोन्स यांनी इतर मुलांवर आणखीही उपाय करून पाहिले होते. समजावून सांगणं, चिडवणं, नुसतंच त्या वस्तूपासून लांब ठेवणं. यातल्या कशाचाही भरवसा धरता आला नाही. उपयोगी पडल्या त्या दोनच गोष्टी: खाऊबरोबर हळूहळू ओळख करून देणं आणि न घाबरणाऱ्या मुलांची सोबत.

आणि त्यांनी एक इशाराही देऊन ठेवलाय. ही पद्धत नाजूक आहे, कारण एका बाजूला खाण्याचा आनंद आहे आणि दुसऱ्या बाजूला भीती. निष्काळजीपणा केला तर उलटंच व्हायचं, भीती अन्नाला चिकटायची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या ओपीडीतल्या कितीतरी आया डोळ्यांपुढे आल्या. वरणभाताची वाटी हातात, मूल तोंड फिरवतंय, आणि आई म्हणतेय, "खा, नाहीतर डॉक्टर सुई देतील." जोन्स यांनी जे होऊ नये म्हणून सांभाळलं, ते आपण दिवसातून तीनदा करतो. मग ती आई महिन्याभराने येऊन सांगते, "मॅडम, हल्ली ताट बघूनच रडतो." 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' म्हणणाऱ्या आपल्या पणजीआजीने कुठलं मानसशास्त्र वाचलं नव्हतं, पण घासाबरोबर गंमत जोडायची हे तिला पक्कं माहीत होतं.

मग एवढं नुकसान होतं तर ही धमकी सुटत का नाही? कारण ती त्या क्षणी चालते. मूल घाबरून दोन घास गिळतं आणि दमलेल्या आईला हायसं वाटतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेलं प्रबलन, म्हणजे एखादं वागणं पक्कं करणारं बक्षीस, इथे मोठ्या माणसालाच मिळतं. त्रास थांबला की ज्या वागण्याने तो थांबला ते पक्कं होतं. तिकडे मुलाचंही तसंच. रडून आकांत केला, "बरं, उद्या येऊ" म्हणून घरी नेलं, की सुटकेचा आनंद भीतीलाच खतपाणी घालतो. म्हणून मी कुठल्याही आईला दोष देत नाही. दिवसभर राबून रात्री नऊला वाटी घेऊन बसलेल्या बाईला उपदेश करणं सोपं असतं. घरातल्या इतरांनी ती वाटी हातात घेतली, तर धमकीची गरज निम्म्याने कमी होईल.

दवाखान्यात येताना काय करावं, तेही लिहिते. तान्हं बाळ असेल तर लस देताना किंवा त्याच्या लगेच आधी अंगावर पाजा, त्याने कळ कमी जाणवते. बाळाला आडवं दाबून धरू नका, मांडीवर उभं-बसतं धरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेदना कमी करण्याबद्दल सल्ला दिला, त्यात या गोष्टी आहेत. मुलाशी खोटं बोलू नका, हेही त्याच सल्ल्यातलं. "काही नाही होत, मुंगी चावेल" म्हणायचं आणि मग भसकन कळ यायची. पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर त्याने विश्वास का ठेवावा? पाच वर्षांच्या मुलाला बूस्टरच्या आदल्या संध्याकाळी सरळ सांगा की उद्या लस आहे. "दुखेल?" विचारलं तर "थोडं दुखेल, मी तुला मांडीवर घेऊन बसणार आहे" म्हणा. टोचताना त्याला बोलतं ठेवा, गाण्याचा व्हिडिओ दाखवा. आणि सुई नसतानाही कधीतरी दवाखान्यात घेऊन या. वजन करून, माझ्या टेबलावरचा प्लास्टिकचा हत्ती खेळून घरी जाऊ दे.

भावंडं असतील तर धीट मुलाला आधी खुर्चीत बसवा, भित्र्याला बघू द्या. मानसशास्त्रज्ञ बांडुरा आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये कुत्र्याला घाबरणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना, कुत्र्याशी न घाबरता खेळणारा चार वर्षांचा मुलगा दाखवला. चार दिवसांत आठ छोट्या भेटी. त्यानंतर त्यांतली बरीच मुलं स्वतः कुत्र्याजवळ गेली. मोठ्या माणसाने शंभर वेळा "घाबरू नकोस" म्हटल्यापेक्षा बरोबरीचं पोर हसत उठताना दिसणं मुलाला जास्त पटतं.

आता आम्हा डॉक्टरमंडळींना आणि लसीकरण शिबिरं भरवणाऱ्यांना. बहुतेक शिबिरांत एकच खोली असते, एकच रांग, आणि पुढच्या मुलाला टोचताना मागची दहा मुलं बघत, ऐकत उभी असतात. वरची माकडांची गोष्ट आठवा. टोचायच्या जागेपुढे पडदा लावा, रडणारं मूल रांगेसमोरून परत न नेता दुसऱ्या दाराने बाहेर जाऊ द्या, आणि जास्त दुखणारी लस शेवटी द्या. पांढऱ्या कोटाची लहान मुलांसमोर काही गरज नसते, मी तो घालणं सोडलंय. आपल्या गावात शिबिर ठरलं असेल आणि एकाच खोलीत हे कसं बसवायचं असा प्रश्न असेल, तर कमेंटमध्ये खोलीला दारं किती आणि मुलं साधारण किती येतात ते लिहा, मांडणी कशी करायची ते मी सांगते.