बघ्यांची बाजू

त्या संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर वकिलाने विषय काढला तोच आरोपपत्राच्या थाटात. त्याचे म्हणणे असे, की शहराच्या मध्यवर्ती भागात नुसते भटकताना आपल्याला होणारा आनंद मुळात उसना आहे. रस्त्याच्या कडेला बसलेला माणूस पोटासाठी राबत असतो आणि आपण त्या राबण्याला शहराचा रंग म्हणून मोकळे होतो. "हमालाच्या पाठीवरचे ओझे तुम्हाला चित्रासारखे दिसते, कारण ते तुमच्या पाठीवर नाही," असे त्याने मास्तरांना सुनावले.

मास्तरांनी वाद तत्त्वावरून खाली ओढला आणि थेट किल्ली करणाऱ्यापाशी आणून ठेवला. तो मूळ किल्ली आणि कोरी किल्ली एकमेकींना चिकटवून पकडीत आवळतो, दातांच्या खोबणीतून बारीक त्रिकोणी कानस फिरवतो, मधूनच जोडी उजेडाकडे धरून दोघींच्या दातांमध्ये कुठे फरक उरला आहे का ते पाहतो, पितळेचा कीस फुंकरीने उडवतो आणि शेवटी अंगठ्याने कड चाचपतो, कारण राहिलेली बारीक कणी कुलपात अडते. मास्तर म्हणाले, "हे पाहताना मला त्याच्या गरिबीचे नव्हे, कसबाचे कौतुक वाटते, आणि कोणीतरी थांबून पाहत आहे हे कळले, की त्याचाही हात जरा डौलाने चालतो." त्यावर वकिलाने एवढेच विचारले, की हा डौलाचा निष्कर्ष किल्लीवाल्याला विचारून काढला आहे की परस्पर. प्रश्न बोचरा होता आणि मास्तरांना त्याचे उत्तर देता आले नाही, हे मला येथे नोंदवलेच पाहिजे.

ताई नगररचनेच्या कामात मुरलेल्या आहेत, त्यामुळे त्यांनी वादाला निराळी दिशा दिली. न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या नियमांनुसार इमारतीपुढे खुला चौक सोडणाऱ्या बिल्डरला वाढीव बांधकामाची मुभा मिळू लागली. चौक झाले खरे, पण त्यांतले कित्येक ओस पडले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० च्या दशकात कॅमेरे लावून तिथल्या माणसांचे वागणे टिपले, तेव्हा दिसले ते असे, की चौक भरलेला राहतो तो त्याच्या आकारामुळे किंवा शोभेमुळे नव्हे, तर बसायला पुरेशी जागा असल्यामुळे. आणि बसलेली माणसे सर्वांत जास्त वेळ काय करतात, तर इतर माणसांकडे पाहतात. ओळखीची दोन माणसे भेटली तर ती बाजूला होऊन बोलत असतील असे आपल्याला वाटते, पण ती ऐन वर्दळीच्या मधोमध थांबून बोलताना आढळली. (आमच्या कट्ट्याच्या वाटेत उभे राहून तासभर बोलणाऱ्यांना हे ऐकून फारच बरे वाटले.) पुढे १९७५ मध्ये नियमच बदलला आणि चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक देणे बंधनकारक झाले. ताईंचा मुद्दा असा, की माणसाने माणसाकडे पाहणे ही काही भटक्यांची चैन नाही. मध्यवर्ती भाग जिवंत राहतो तो त्यावरच.

"पण सगळ्यांना तसे पाहता येते का?" वकील हटायला तयार नव्हता. मास्तरांनी शहरांच्या जगण्यावर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांचा दाखला दिला. १९६१ मध्ये त्यांनी मांडले होते, की गजबजलेला पदपथ सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे कमी आणि दुकानदार, रहिवासी, येणारे-जाणारे अशा सर्वांच्या सहज नजरेमुळे जास्त. आणि ही नजर हुकूम सोडून रस्त्यावर आणता येत नाही, कारण रिकाम्या रस्त्याकडे खिडकीतून बघत बसायला कोणालाच आवडत नाही. वकिलाने हे मान्य केले आणि लगेच उलटवलेही: तीच नजर नवख्याला, फाटक्या कपड्यांतल्याला किंवा एकट्या उभ्या राहिलेल्या बाईला "इथे काय काम?" असे विचारते, त्याचे काय?

या प्रश्नावर मास्तरांऐवजी ताईच बोलल्या आणि माझ्या मते संध्याकाळचे सर्वांत मोलाचे बोलणे तेच होते. शहरात निरुद्देश हिंडणाऱ्या रसिकाचे जे चित्र एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसने जगाला दिले, त्यात हिंडणारा पुरुष आहे, हे आपण विसरतो. जॉर्ज सांड ही लेखिका १८३१ मध्ये पॅरिसला आली, तेव्हा नाजूक पादत्राणे चिखलात टिकेनात आणि बाईच्या वेषात कुठेही मोकळेपणाने जाता येईना. म्हणून तिने पुरुषी लांब कोट शिवून घेतला, टाचांना लोखंडी नाल असलेले बूट घातले आणि मग ती कोणत्याही हवेत, कोणत्याही वेळी शहरभर हिंडली. त्या बुटांविषयी तिने मोठ्या प्रेमाने लिहून ठेवले आहे. पण ताईंना त्या आनंदाइतकीच त्याची किंमतही दिसत होती. "तिला शहर पाहायला मिळाले ते स्वतः दिसेनाशी झाल्यावर," त्या म्हणाल्या. "मला कोपऱ्यावर काही काम नसताना दहा मिनिटे उभे राहायचे असेल, तर मी अजूनही फोन कानाला लावते. वकिला, तुझा आक्षेप बघणाऱ्यांवर आहे. माझा आक्षेप असा, की बघणारे अजून फार थोडे आहेत."

अण्णांनी मध्येच, असले रेंगाळणे आपल्या लोकांच्या स्वभावात नाही, असे ठेवून दिले. ताईंनी त्यांना कोपनहेगनची आठवण करून दिली. तिथे १९६२ मध्ये स्ट्रॉएट हा मध्यवर्ती रस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा आपण डेन्मार्कचे लोक आहोत, इटालियन नव्हे, आपल्याला रस्त्यावर बसणे जमणार नाही, असे तिथेही म्हटले गेले होते. तो रस्ता आज पायी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. अण्णा गप्प झाले, पण पटले म्हणून नव्हे.

मला विचाराल तर वकिलाचा आक्षेप पूर्ण खोडता येत नाही. मात्र तो पाहण्यापेक्षा घाईला जास्त लागू पडतो. यादी घेऊन निघालेला माणूस दहा ठिकाणे उरकतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला आधीच माहीत असलेलेच दिसते. जो एकाच नाक्यावर टिकून राहतो, त्याला हमाल ओझे उतरवल्यावर कोणाशी थट्टा करतो, किल्लीवाला गिऱ्हाईक नसताना काय वाचतो, हेही दिसते आणि मग त्यांचे नुसते चित्र करणे अवघड होऊन बसते. शिवाय तेवढ्या वेळात तो स्वतःही इतरांच्या नजरेत भरतो, त्याचीही चर्चा होते. ही देवाणघेवाण असेल, तर उसनवारीचा आरोप बराच सैल पडतो.

वकिलाने यावर शेवटचा डाव टाकला, तो फोटोंचा. मास्तरांच्या मते आधी विचारावे आणि मग काढावा. ताई म्हणाल्या, विचारले की माणूस सावरून बसतो, कानस थांबते आणि ज्यासाठी फोटो काढायचा तेच निघून जाते. तेव्हा काढूच नये. वकिलाला दोन्ही अमान्य होते, कारण चेहरा न घेता नुसते हात टिपायला काय हरकत, असे त्याचे म्हणणे. ताईंनी लगेच विचारले, "आणि ते हात कोणाचे, हे त्या गल्लीत कोणाला कळणार नाही?" याचे उत्तर वकिलाकडे नव्हते, आणि इतर कोणाकडेही नव्हते.